कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर : आकड्यांत रमलेले एक शिक्षक

जव्हारच्या पठारावरून पश्चिमेला उतरून कासा, चारोटी करीत गेले की डहाणूचा समुद्र लागतो; आणि पूर्वेला मोखाड्यावरून त्र्यंबकाच्या वाटेला लागले की नाशिक येते. या वाटेच्या एका टोकाला जन्मलेल्या आणि दुसऱ्या टोकाला सारा जन्म काढलेल्या एका शिक्षकाची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे मनात आले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, नोकरी नाशिकजवळच्या देवळालीची. दोन्हींच्या मधोमध आपण राहतो, परंतु आपल्यापैकी पुष्कळजणींनी त्यांचे नावही ऐकले नसेल. जगातल्या गणितप्रेमी लोकांनी मात्र ते ऐकलेले आहे, आणि त्यांच्या नावाचा एक आकडा देशोदेशींच्या पुस्तकांत छापलेला आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी झाला. त्या दिवशी मंगळवार होता. वडील कारकुनी करीत. मुलगा आठ वर्षांचा असताना आई वारली आणि पुढे वडिलांनीच त्याला वाढविले. वडिलांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका खरी ठरो वा न ठरो, पंचांगात आकडेमोड भरपूर असते. सात वार, बारा राशी, सत्तावीस नक्षत्रे. एक फेरा पुरा झाला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, आणि शेवटी जे उरते ते पाहायचे. घरात असा नाद असलेल्या या मुलाला लहान वयातच आकड्यांची गोडी लागली. कोडी सोडविण्यात तो तासन् तास घालवी.

भगिनींनो, गणितात जिला बाकी म्हणतात ती आपल्याला काही परकी नाही. आज आठवडे बाजार आहे. आजपासून शंभराव्या दिवशी कोणता वार येईल, असे कोणी विचारले तर आपण शंभर दिवस बोटांवर मोजत बसत नाही. सातांचे चौदा फेरे म्हणजे अठ्ठ्याण्णव दिवस झाले, उरले दोन. तेव्हा बाजाराच्या दिवसानंतर दोन दिवस पुढे जायचे, की झाले. फेरे सोडून द्यायचे आणि उरलेले धरायचे, एवढीच त्यातली युक्ती. कापरेकरांच्या पुष्कळशा शोधांच्या मुळाशी असाच बाकीचा विचार आहे, म्हणून तो आधी सांगितला.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. पुढे १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले. त्यापुढचे शिक्षण मात्र झाले नाही. गणितात मोठे नाव कमवायचे तर आणखी पदव्या हव्यात, परदेशी जावे, विद्यापीठात जागा मिळवावी, असा रिवाज. कापरेकरांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. १९३० च्या सुमारास ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली तेथूनच निवृत्त झाले. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन आकड्यांशी खेळावे, असा त्यांचा बत्तीस वर्षांचा परिपाठ होता.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६ सालचा. तो चौथीतल्या मुलीलाही करून पाहता येईल. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडून एक संख्या करावी, लहानाकडून मोठ्याकडे मांडून दुसरी करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्याचेही तसेच करावे. उत्तरात शून्य आले तर तेही अंक म्हणून जपून ठेवावे. असे करता करता जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि एकदा ती आली की पुढे कितीही वेळा केले तरी तीच येत राहते.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या झाल्या. म्हणजे लागली तर जास्तीत जास्त जेवढी वाट लागते तेवढी लागली. त्यांच्या निवृत्तीचे वर्ष १९६२ घेतले तर ९६२१ मधून १२६९ गेले ८३५२, आणि ८५३२ मधून २३५८ गेले ६१७४. दोनच पायऱ्यांत मुक्काम गाठला. या संख्येला आज सारे जग कापरेकर स्थिरांक म्हणते.

आता वरच्या उत्तरांतील अंकांची बेरीज करून पाहा. ९३५१ ची अठरा, ८१७२ ची अठरा, ३९९६ ची सत्तावीस. प्रत्येक वेळी नवाच्या पाढ्यातलीच बेरीज येते. असे का व्हावे? आपल्या वडीलधाऱ्या माणसांना नवाचा ताळा ठाऊक होता, त्यातच याचे उत्तर आहे. दहा चिंचोके नऊ-नऊच्या ढिगांत वाटले तर एक उरतो. शंभर वाटले तर अकरा ढीग होऊन एक उरतो. हजार वाटले तरी एकच उरतो. तेव्हा ३५२ चिंचोके असतील तर तीन शतकांचे तीन उरले, पाच दशकांचे पाच उरले आणि सुटे दोन, मिळून दहा. त्यातून आणखी एक नऊ काढले की बाकी एक. म्हणजे नवाने भागून उरणारी बाकी ही अंकांच्या बेरजेवरून कळते. अंक कोणत्या जागी बसले आहेत याच्याशी तिला कर्तव्य नाही. कापरेकरांच्या खेळात आपण तेच अंक उलटसुलट मांडतो. दोन्ही संख्यांची बाकी एकच. एकातून दुसरी वजा केली की बाकी बाकीला छेदते, आणि उत्तराला नवाचा पूर्ण भाग जातो. कोणत्याही पायरीवर अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात आली नाही, तर वजाबाकी चुकली असे खुशाल समजावे.

एवढ्यावरून ६१७४ च का, हे मात्र कळत नाही. नवाच्या पाढ्यात दुसऱ्याही संख्या पुष्कळ आहेत. त्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चार अंकांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. वजाबाकीचे उत्तर तेच. १९०५ मध्ये नऊ आणि शून्य यांचा फरक नऊ, म्हणून ८९९१, पाच आणि एक यांचा फरक चार, म्हणून ३६०, मिळून ९३५१. पहिला फरक एक ते नऊ यांपैकी असतो आणि मधला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून अशा जोड्या दोन, तीन, चार असे करीत दहापर्यंत मिळवून अवघ्या चोपन्न होतात. १००० पासून ९९९९ पर्यंत सारखे अंक असलेल्या नऊ संख्या सोडल्या तर ८९९१ संख्या उरतात. पण पहिली वजाबाकी होताच त्या साऱ्या या चोपन्न उत्तरांत गोळा होतात. ती चोपन्न तपासली की काम झाले. त्यातील प्रत्येक जण ६१७४ लाच जाऊन मिळतो.

ज्यांना चोपन्न मोठे वाटतील त्यांनी तीन अंकी संख्या घ्यावी. तेथे उत्तर नेहमी नव्याण्णवच्या पाढ्यातले येते : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. नऊच उत्तरे. ०९९ चे होतात ८९१. ८९१ आणि १९८ चे ७९२. ७९२ आणि २९७ चे ६९३. ६९३ आणि ३९६ चे ५९४. ५९४ आणि ४९५ चे ४९५. संपले. तीन अंकी संख्येचा मुक्काम ४९५, हे पाटीवर पाच ओळींत सिद्ध झाले. दोन अंकी संख्येला मात्र असा मुक्काम नाही; ती ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशी फुगडीच घालीत राहते.

कापरेकरांनी आपला शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ साली अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात ६१७४ वरचा त्यांचा लेख आला. परंतु आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. अनेकांना हे सारे क्षुल्लक वाटले, काहींनी हसण्यावारी नेले. त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. आपण दहाच्या पटीने आकडे लिहितो म्हणून ६१७४ येते. आठाच्या किंवा बाराच्या पटीने लिहिले असते तर तिचे हे वैशिष्ट्य राहिले नसते. म्हणजे ही गंमत संख्येची कमी आणि लिहिण्याच्या रीतीची अधिक, असा तो आक्षेप. पण ज्या विचाराने ती गंमत उलगडते, तो बाकीचा विचार कोणत्याही रीतीत खराच राहतो. हे त्यांच्या दुसऱ्या एका शोधावरून चांगले दिसते.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळविले की पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, तुकडे ३० आणि २५, बेरीज ५५. ९९ चा वर्ग ९८०१, तुकडे ९८ आणि ०१, बेरीज ९९. तीन अंकी २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. आता प्रश्न असा, की दोन अंकी संख्यांत या तीनच का? चौथी शोधण्यात जन्म घालवावा काय?

बाकी येथे उपयोगी पडते. शंभराला नवाने भागले की एक उरतो, आणि अकराने भागले तरीही एकच उरतो. म्हणून वर्गाची जी बाकी तीच तुकड्यांच्या बेरजेची, आणि ती बेरीज तर मूळ संख्याच आहे. तेव्हा वर्गातून संख्या वजा केली तर नऊ आणि अकरा या दोघांचाही पूर्ण भाग जायला हवा. वर्गातून संख्या वजा करणे म्हणजे त्या संख्येला तिच्या मागच्या संख्येने गुणणे. लागून असलेल्या दोन संख्यांना एकाच वेळी तिनाचा भाग जात नाही, म्हणून नऊ त्या दोघींत वाटले जात नाहीत. पुरते एकीच्याच पदरात पडतात. अकराचेही तसेच. म्हणजे आपल्या संख्येची नवाने बाकी शून्य किंवा एक, आणि अकरानेही शून्य किंवा एकच असली पाहिजे. दोन अंकी संख्यांत अकराची अट पाळणाऱ्या एवढ्याच : ११, १२, २२, २३, ३३, ३४, ४४, ४५, ५५, ५६, ६६, ६७, ७७, ७८, ८८, ८९, ९९. यांना नवाचा ताळा लावला की बाकी शून्य किंवा एक येणाऱ्या ४५, ५५ आणि ९९ याच राहतात. नव्वद संख्यांचे वर्ग करीत न बसता पाच मिनिटांत निकाल लागला, आणि चौथी नाही हे कायमचे ठरले. याला क्षुल्लक कसे म्हणावे?

नावे ठेवण्याची त्यांची हौसही मोठी गोड होती. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या. त्या स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटले. १११ ला १११ ने गुणले की येणारी १२३२१ ही त्यातलीच. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या होते, जसे २३ मध्ये पाच मिळवून २८. पण २०, ३१, ४२ अशा काही संख्या कोणापासूनच होत नाहीत. त्या स्वयंभू. शंकराच्या पिंडीला लावायचे विशेषण त्यांनी आकड्याला लावले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, बाकी काहीच उरत नाही, तिला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे आनंद देणारी. ६१७४ ही हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३ येतात, म्हणजे सात सत्ते एकोणपन्नास, त्याची पुन्हा सातपट.

कापरेकरांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापविल्या. शिक्षकाच्या पगारात घर चालवून वर छापखान्याची बिले भागविणे किती ओढाताणीचे असेल, हे आपल्यापैकी प्रत्येकीला सांगावे लागत नाही. १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. त्यानंतर निवृत्तिवेतन पुरेना. राहणी अगदी साधी असूनही त्यांना म्हातारपणी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. आकडे मात्र त्यांनी सोडले नाहीत.

मग १९७५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. हे सदर जगभर वाचले जाई. देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव एकदम देशोदेशी पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. ज्यांना येथे कोणी विचारीत नव्हते त्यांच्या संख्यांवर पुढे परदेशी गणितज्ञांनी लेख लिहिले, आणि आजही लिहीत आहेत. १९८६ साली देवळालीलाच त्यांचे निधन झाले.

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तेव्हापासून जिल्ह्याचे भूषण म्हणून आपण वारली चित्रकला सांगतो, जव्हारचा राजवाडा दाखवितो, दाभोशाचा धबधबा दाखवितो. ते योग्यच आहे. त्या यादीत डहाणूच्या या शिक्षकाचेही नाव असावे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, मोठी पदवी नव्हती, मानाची जागा नव्हती. पेन्सिल आणि कागद होता. एवढे सामान तर मोखाड्याच्या दूरच्या पाड्यावरच्या मुलीजवळही असते.

आपल्याकडच्या कितीतरी मुली गणिताला भिऊन शाळा सोडतात. गणित आपल्याला येणारच नाही, ते मोठ्या गावच्या लोकांचे काम, असे त्यांनी आणि कधीकधी आपणही मनात धरलेले असते. अशा मुलीला दटावून पाढे म्हणायला लावण्यापेक्षा तिला तिचे जन्मवर्ष विचारावे आणि त्याचे अंक उलटसुलट मांडून वजा करायला सांगावे. वर्षाचे चारही अंक सारखे नाहीत, तेव्हा ६१७४ येणारच. किती पायऱ्या लागल्या ते मोजावे. वाटेत चुकले तर ताळा करून चूक तिची तिलाच शोधू द्यावी. मंडळाच्या बैठकीत भगिनींनीही करून पाहावे. कोणाला दोन पायऱ्या लागतील, कोणाला सात, पण पोहोचतील सगळ्या.

लिहिता लिहिता सहज पाहिले. १९०५ च्या अंकांची बेरीज १५, आणि १५ ने भागले की १२७ येऊन बाकी शून्य. म्हणजे कापरेकर जन्मले ते वर्ष हर्षद. निवृत्त झाले ते १९६२, त्याची बेरीज १८, भागाकार १०९, बाकी शून्य, तेही हर्षद. ते गेले ते १९८६. त्याची बेरीज २४, आणि २४ ने भागले तर १८ बाकी उरतात. याला अर्थ काही नाही, हा योगायोग आहे, आणि कापरेकरांना अशा योगायोगांचीच आवड होती. पण त्यांच्या कामाची बाकी आपल्याकडे उरली आहे एवढे खरे, आणि ती फेडायची तर आपल्या मुलींच्या हाती पाटी-पेन्सिल देऊनच फेडता येईल.